नऊ औंसांची पुडी

१

छापून आलेल्या त्या दोन ओळी हेस्टर फॉदरगिलच्या नव्हत्या.

गुरुवारी सकाळी चहाचा पेला हातात धरून ती लंडनच्या ‘पेनी लँटर्न’ साप्ताहिकाचा ताजा अंक वाचत होती. स्वतःचा लेख ती नेहमीच शत्रूचा असल्यासारखा वाचायची, एकेक स्वल्पविराम तपासत. ‘वस्तू कुठून येतात’ या तिच्या मालेचा हा अकरावा लेख. विषय होता शेफिल्डचं मुशीतलं पोलाद. मूस, कोळसा, घाम, ठिणग्या, सगळं जिथल्या तिथे होतं. आणि तिसऱ्या स्तंभाच्या तळाशी हे होतं:

‘या पोलादाचे रहस्य मुशीत अखेरीस पडणाऱ्या काळ्या भुकटीत आहे. स्वीडनहून आणलेला काळा दगड भाजून व कुटून ती तयार करतात, आणि प्रत्येक मुशीत तिची नऊ औंसांची पुडी टाकतात.’

हेस्टरने पेला खाली ठेवला. बशीत चहा सांडला.

भुकटीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असा शब्द तिने कारखान्याचे मालक जेबेझ स्टोर्थ यांना दिला होता. त्याच अटीवर त्यांनी तिला दिवसभर भट्टीघरात उभं राहू दिलं होतं. भुकटीचं पेटंट घेण्याची त्यांची तयारी चालू होती, आणि आधी छापून आलेल्या गोष्टीचं पेटंट मिळत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

अर्ध्या तासात ती छापखान्यात होती. संपादक पिम तिच्याकडे बघून हसले. “मिस फॉदरगिल! लेख झकास. मुशी दिवसातून तीनदा कशा वापरतात तो परिच्छेद मात्र मी कापला. जागाच नव्हती.”

“कापलेलं जाऊ द्या. वाढवलेलं कुणाचं?”

पिम यांचं हसू मावळलं. “म्हणजे? तुमचंच की! तपासायच्या मुद्रिताच्या समासात लिहिलं होतं. मोठ्या सुट्या अक्षरांत. खाली एच. एफ.”

“मुद्रित माझ्याकडे आलंच नाही.”

“शेफिल्डला गेलं होतं, स्टोर्थसाहेबांच्या नजरेखालून घालायला. चित्रांचे ठोकळे दाखवायला लाइल सोमवारी तिथे गेला होता, तोच घेऊन आला. मला वाटलं, तुम्ही मध्ये कुठे तरी...”

“दाखवा ते मुद्रित.”

पिम यांनी खण उघडला, दुसरा उघडला, मग जमिनीवरची रद्दी उपसली. सोमवारची बाकी सगळी मुद्रितं होती. तेवढं एक नव्हतं.

इतक्यात तारवाला आत आला. तार हेस्टरच्या नावाची होती.

‘शब्द मोडलात. डंगवर्थने तोंड उघडले. शनिवारी दुपारी बारापर्यंत घर खाली करेल. शहरात एकही भट्टी त्याला उभे करणार नाही. स्टोर्थ.’

२

एनॉक डंगवर्थ म्हणजे स्टोर्थ यांचा मुख्य ओतारी. मुशीतलं पोलाद शिजलं की नाही, हे झाकण उचलून नुसत्या डोळ्यांनी सांगणारा माणूस. त्या दिवशी तो हेस्टरशी दिवसभर बोलला, पण भुकटीचा विषय निघाला की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या लेखापायी तो रस्त्यावर येणार होता. सोबत त्याची मुलगी.

शेफिल्डच्या गाडीला दोन तास होते. हेस्टरने ते चित्रकार लाइलच्या खोलीत घालवले.

लाइल खिडकीपाशी लाकडी ठोकळ्यावर चित्र काढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “तुमचा स्टोर्थ म्हणजे अस्वल आहे हो. माझं चित्र बघून म्हणतो, ‘हे भट्टीघर आहे की स्वयंपाकघर?’ मी म्हटलं, साहेब, धूर काढायचा तर अख्खा ठोकळा काळा करतो, मेहनत वाचेल माझी!”

“मुद्रित तुम्ही आणलंत?”

“आणलं. साहेबांच्या पुतण्यानं, ऑल्बननं, पाकिटात घालून दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, आता विचारणारच आहात म्हणून सांगून टाकतो. पिमच्या टेबलावर ठेवलं आणि जेवायला गेलो.”

“वाचलंत?”

“गाडीत पाच तास होतो. वाचलं.”

“समासात काही लिहिलेलं होतं?”

लाइलने पेन्सिल खाली ठेवली. “होतं. मला वाटलं तुम्हीच. आणि बाई, माझ्यावर डोळे वटारण्याआधी हे लक्षात घ्या, मला त्या भुकटीतलं काय कळणार? आपण बरोबर गेलो तेव्हाही मी बाराच्या गाडीनं परतलो होतो, तुम्ही तिथेच राहिलात. सोमवारीही तेच. दुपारनंतर डोंगराआड उजेड जातो, मग कसलं चित्र!”

“स्टोर्थवर राग आहे तुमचा.”

“आहे की. पण राग आला तर मी त्याचं नाक मोठं काढेन,” लाइल म्हणाला. “त्याच्या ओताऱ्याचं घर कशाला उठवू?”

३

शुक्रवारी सकाळी स्टोर्थ यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही.

“सरळ हिशेब आहे, मिस फॉदरगिल. भुकटी कशाची, हे तिघांना ठाऊक. मी, माझा पुतण्या आणि एनॉक. पुडीचं माप एकट्या एनॉकला. मलासुद्धा नाही! पेटंटच्या कागदावर माप लिहायची जागा कोरी ठेवली आहे मी. पेटंटवर त्याचंही नाव घालीन असा शब्द दिला, तेव्हा कुठे तो माप सांगायला कबूल झाला होता. आणि तुमच्या लेखात काय आहे? माप!”

“मला त्यांनी काहीच सांगितलं नाही.”

“मग स्वप्नात आलं का तुमच्या?”

“समासातली अक्षरं माझी नाहीत.”

“एनॉकचीही नाहीत, त्याला लिहिता येत नाही. त्यानं सांगितलं, तुम्ही लिहिलंत. हातच्या काकणाला आरसा कशाला?” स्टोर्थ खिडकीकडे वळले. नदीपलीकडे प्रतिस्पर्धी बार्नशॉच्या कारखान्याची धुराडी दिसत होती. त्यांचा आवाज उतरला. “एकाच भट्टीवर वाढलो, मी आणि एनॉक. मुशी घडवायची ओली माती अनवाणी तुडवली दोघांनी. माझ्या बापानं मला मालक केलं, त्याच्या बापानं त्याला ओतारी. मंगळवारी पलीकडे बार्नशॉच्या चोवीस मुशी वाया गेल्या, ओतलेल्या पोलादाचे सगळे ठोकळे आतून भोकंभोकं. कारण कुणालाच कळेना. मला वाटलं, देव आपल्या बाजूला आहे. आणि गुरुवारी हे!”

दार उघडून ऑल्बन आत आला. तिशीचा, नीटनेटका, लंडनच्या बोलीचा. मागच्या हिवाळ्यातच काकांच्या हाताखाली आला होता. त्याने हेस्टरला आदराने खुर्ची दिली आणि काकांना औषधाची आठवण केली. मग तिला स्वतःच्या खोलीत नेऊन चहा दिला.

“काका तापट आहेत, मनावर घेऊ नका,” तो म्हणाला. टेबलावर पत्रांचा ढीग होता. टपालाच्या छोट्या पितळी काट्यावर एकेक पत्र तोलून तो बाजूला ठेवत होता. “खरं सांगू? मला म्हाताऱ्याची दया येते. शिकल्यासवरल्या बाईनं चार शब्द कौतुकाचे बोलले, की अशी माणसं विरघळतात. त्याचा दोष नाही.”

“मुद्रित तुम्ही पाहिलंत?”

“काकांनी चाळलं, मी पाकिटात घातलं. तेव्हा समास कोरा होता.” त्याने खांदे उडवले. “पुढे तुमच्या चित्रकारानं नेलं.”

“तुमचं भट्टीघरात जाणं-येणं असतं?”

“फारसं नाही. सकाळी मी स्टेशनवर, माल रवाना करायला. जेवण झालं की तीनच्या सुमारास एक फेरी. तोवर धूर जरा निवळलेला असतो.” तो हसला. “मी काही तिथला माणूस नाही, मिस फॉदरगिल. मला तिथे सगळं सारखंच दिसतं.”

हेस्टरने पेला खाली ठेवला. लाइल म्हणाला होता, समासात लिहिलेलं त्याने गाडीत वाचलं. ऑल्बन म्हणत होता, समास कोरा होता. दोघांतला एक खोटं बोलत होता. पण माप दोघांनाही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, तो घर आवरत होता.

४

डंगवर्थच्या दारात दोन खाटा उभ्या करून ठेवल्या होत्या. आत केझाया भांडी गवतात गुंडाळत होती. बावीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची.

“बाबा, आल्या बघ तुझ्या लेखिकाबाई.”

एनॉक चुलीपाशी बसला होता. उठला नाही. “या. ओटची भाकर खाणार? तव्यावरची गरम आहे. तवा उद्या बांधायचा.”

“मि. डंगवर्थ, मी...”

“तुम्ही शब्द मोडला नाहीत, ठाऊक आहे मला. मी आकडा सांगितलाच नव्हता, तर तुम्ही मोडणार काय? पण मालकाला ते पटवायचं कसं? चाळीस वर्षं तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवल्याचा पुरावा कुठून आणू?”

“लेखात नेमकं काय छापलंय, ते तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?”

“नाही. मालकानं अंक टेबलावर आपटला आणि चालू पडायला सांगितलं. मला अक्षर येत नाही, आणि हिला मी वाचू दिलं नाही. पोरीनं बापाची नामुष्की वाचायची?”

हेस्टरने पिशवीतून अंक काढला आणि त्या दोन ओळी सावकाश वाचल्या. ‘...आणि प्रत्येक मुशीत तिची नऊ औंसांची पुडी टाकतात.’

मग एनॉक हसायला लागला. आधी घशातल्या घशात, मग खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“प्रत्येक मुशीत! नऊ! नव्याकोऱ्या मुशीतसुद्धा नऊ!” त्याने गुडघ्यावर थाप मारली. “अरे देवा! हे ज्यानं लिहिलं, त्यानं मूस कधी...” आणि एकदम त्याचं तोंड मिटलं.

“म्हणजे माप चुकीचं आहे?”

एनॉक तव्यावरची भाकर उलटू लागला.

“मि. डंगवर्थ, खरं माप मालकांना सांगा. ते वेगळं आहे हे दिसलं, की तुम्ही सुटलात.”

“आणि आकडा?” एनॉक म्हणाला. “दारात बिऱ्हाड काढून ठेवल्यावर आकडा सांगायचा? म्हणजे आकडा देऊन घर विकत घ्यायचं. बापानं मरताना माझ्या कानात सांगितला तो. पेटंटच्या कागदावर माझं नाव बघून सांगणार होतो, मानानं. जीव वाचवायला नाही सांगणार.”

“उद्या बारा वाजता तुम्ही रस्त्यावर असाल!”

“असेन. आकडा माझ्याबरोबर असेल.”

केझायाच्या हातून एक ताट निसटलं आणि फरशीवर फुटलं. बापाने वळून पाहिलं आणि पुन्हा चुलीकडे तोंड फिरवलं. तुकडे गोळा करून ती मागल्या दाराने बाहेर गेली. बाप-लेकीत काहीतरी बिनसलं होतं, आणि ते या लेखाच्या आधीपासूनचं होतं.

हेस्टर तिच्या मागोमाग गेली.

५

“पंधरा दिवस झाले, सरळ बोलत नाही माझ्याशी,” अंगणातल्या हौदापाशी केझाया म्हणाली. “आणि मी काही केलेलं नाही, बाई. देवाशपथ.”

“काय झालं होतं?”

“बाबा पहाटे भुकटी तोलतो. पाठमोरा, मला काटा दिसू देत नाही. पण पुड्या मी बांधते, आई गेल्यापासून. या भुकटीच्या बारा मुशी असतात, म्हणून बाराच्या तीन जुड्या. पंधरा दिवसांपूर्वी बुधवारी एक पुडी कमी निघाली. एक मूस औषधाविना, म्हणजे या भुकटीविना, ओतावी लागली. ठोकळा फोडला तर पावासारखी भोकं. चाळीस वर्षांत बाबाचा असा माल निघाला नव्हता. सगळ्यांसमोर मान खाली गेली त्याची. घरी येऊन म्हणाला, ‘तुला बारापर्यंत मोजता येत नाही? यापुढे पुड्यांना हात लावू नकोस.’ तेव्हापासून स्वतःच बांधतो, त्या जाड बोटांनी. मी बाराच बांधल्या होत्या. दोनदा मोजल्या होत्या.”

“पुड्या भट्टीघरात कुठे असतात?”

“दाराजवळच्या फळीवर. भट्टीवाले हात लावत नाहीत, बाबाचा धाक आहे.”

“तीन जुड्या कशाला? छत्तीसची एकच का नाही?”

केझायाने तिच्याकडे दयेने पाहिलं. शिकलेल्या माणसांकडे बघावं तसं. “बाई, तुम्ही दिवसभर उभ्या होतात ना तिथे? मूस तीनदा भरतात. सकाळी पन्नास पौंड माल. दुसऱ्यांदा चव्वेचाळीस. तिसऱ्यांदा अडतीस. प्रत्येक वेळचं औषध वेगळं. चुकू नये म्हणून पहिल्या जुडीला पांढरा दोरा, दुसरीला निळा, तिसरीला लाल.”

हेस्टर हौदाच्या कडेवर बसली.

हे तिला ठाऊक होतं! तिने स्वतः लिहिलं होतं. वितळलेल्या पोलादावर मळी तरंगते, आणि मळीची कड जिथे टेकते तिथे मुशीची भिंत खाल्ली जाते. दुसऱ्यांदा तेवढाच माल भरला, तर कड पुन्हा त्याच जागी येईल आणि मूस भट्टीतच फुटेल. म्हणून दर वेळी माल कमी भरायचा, की कड खाली उतरते, धड भिंतीवर. दिवस संपला की मूस फेकून द्यायची. हाच परिच्छेद पिम यांनी मुद्रित निघण्याआधीच जागेअभावी कापला होता. आणि तो कापला गेल्यामुळे, ज्याने मुद्रित वाचलं त्याला तो कळण्याची उरलीसुरली शक्यताही गेली होती.

तिने मनातल्या मनात त्रैराशिक मांडायला घेतलं आणि मग थांबवलं. आकडा काढायचा नव्हता. माणूस काढायचा होता.

“केझाया, नीट आठवून सांग. सकाळी पांढऱ्या पुड्या संपतात. जेवणाच्या सुमारास निळ्या. तीन वाजता फळीवर काय उरलेलं असतं?”

“फक्त तिसरी जुडी.”

“आणि त्या बुधवारी कमी पडलेली पुडी कुठल्या दोऱ्याची होती?”

केझायाचे ओले हात हवेतच थांबले.

“लाल,” ती म्हणाली.

६

शनिवारी सकाळी अकरा वाजता स्टोर्थ यांच्या खोलीत चौघं उभी होती आणि बसायचं कुणालाच सुचत नव्हतं. स्टोर्थ, ऑल्बन, हेस्टर आणि हातात टोपी धरलेला एनॉक. केझाया दारात होती. बाहेर अंगणात त्यांच्या सामानाची गाडी थांबली होती.

“एक तास आहे,” स्टोर्थ म्हणाले. “बोला.”

“मि. ऑल्बन, तुमचा टपालाचा काटा जरा आणाल?”

ऑल्बनने काटा आणला. टेबलावर ठेवताना पितळेची पारडी किणकिणली.

हेस्टर एनॉककडे वळली. काल संध्याकाळी तासभर ती त्याच्याशी भांडली होती. तो एवढंच म्हणाला होता, ‘तिसरीची पुडी देतो. तिच्यावरून कुणी पहिलीचं माप काढायला गेला, तर जाऊ दे. वापरलेल्या मुशीची माती मालात उतरते, तिचा अंदाज हातालाच असतो. भागाकारानं पोलाद शिजत नाही.’

एनॉकने खिशातून लाल दोऱ्याची पुडी काढून पारड्यात ठेवली. हेस्टरने दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली. आठ औंस, काटा हलला नाही. नऊ. काटा मधोमध स्थिरावला.

“नऊ!” स्टोर्थ ओरडले. “मी काय म्हणत होतो?”

“ही तिसऱ्या भरणीची पुडी आहे,” हेस्टर म्हणाली.

स्टोर्थ यांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी अंक ओढला, ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली आणि हळूहळू खाली बसले.

“‘प्रत्येक मुशीत’,” ते पुटपुटले. “रागात मी हे दोन शब्द वाचलेच नाहीत.”

“आता बघा. ही ओळ ज्यानं लिहिली, त्याला मुशीची भरणी दर वेळी उतरते हे ठाऊक नव्हतं. मि. डंगवर्थ ही चूक करणार नाहीत. तुम्हीही नाही. ओतारी माप सांगतो ते नेहमी नव्या मुशीचं, आणि ‘प्रत्येक मुशीत’ असं तर झोपेतही म्हणत नाही. ज्याच्या हाती पुडी लागली, त्याला तिसरीच लागली, कारण तो फळीपाशी आला तेव्हा पांढरी आणि निळी जुडी संपलेली होती. चित्रकार लाइल दोन्ही वेळा बाराच्या गाडीनं गेले. त्यांच्या हाती लागली असती तर पहिली नाही तर दुसरी लागली असती. लालला ते हातच लावू शकत नव्हते असं नाही, पण ती पुडी बुधवारी गेली आणि त्या बुधवारी लाइल लंडनमध्ये, माझ्यासमोर होते. म्हणजे इथलाच माणूस. दुपारनंतर भट्टीघरात येणारा. औंस तोलायचा काटा ज्याच्याजवळ आहे असा. आणि मुद्रित ज्याच्या हातून गेलं असा.”

“हा निव्वळ कल्पनाविलास आहे,” ऑल्बन शांतपणे म्हणाला. “काका, ही बाई गोष्टी लिहिते.”

स्टोर्थ त्याच्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर खिडकीबाहेर नदीपलीकडे होती.

“ऑल्बन, सकाळी आपण मुशीत पन्नास पौंड माल भरतो.”

“हो, काका.”

“दुसऱ्यांदा किती?”

ऑल्बन क्षणभरच अडखळला. “म्हणजे... पन्नासच की. मूस तीच असते ना?”

दारात केझायाने श्वास आत ओढला. एनॉकने हातातल्या टोपीकडे बघत मान खाली घातली. या शहरातल्या कुठल्याही भट्टीवरच्या झाडूवाल्यानेही हे उत्तर दिलं नसतं.

“आणि मंगळवार,” हेस्टर म्हणाली. “बार्नशॉच्या चोवीस मुशी मंगळवारी वाया गेल्या. ठोकळ्यांना आतून भोकं. औषध कमी पडलं की पडतात तशी. अंक गुरुवारी निघाला, मि. स्टोर्थ. पलीकडे नऊ औंस छापून यायच्या आधीच पोचले होते. तिथे कुणी दिले?”

“ते खोटं आहे!” ऑल्बनचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. “पुडीवर शंका घेताच कशी येईल? मी स्वतः दोनदा तोल...”

सगळ्यांच्या नजरा त्याच्याच काट्याकडे वळल्या.

“बार्नशॉनं काय देऊ केलं?” स्टोर्थ यांनी विचारलं.

“भागीदारी.” ऑल्बन भिंतीला टेकला. “तुम्ही काय देणार होतात? पेटंटवर माझ्या नावाऐवजी एका अंगठेबहाद्दराचं नाव! छापून आलं की पेटंट कुणालाच नाही, बार्नशॉला भुकटी वापरायला मोकळीक, आणि बोल याच्यावर. सोमवारी समासात मीच लिहिलं. मुद्रित उचलायला छापखान्यातल्या जुळाऱ्याला टपालानं पाठवलेला एक शिलिंग पुरला.”

“बाराला एक गाडी आहे लंडनची,” स्टोर्थ म्हणाले. “बाहेरच्या गाडीवरचं एनॉकचं सामान उतरव. तुझ्या हातांनी. मग तीच गाडी तुला स्टेशनवर सोडेल.”

तो गेल्यावर स्टोर्थ उठले आणि टेबलाला वळसा घालून एनॉकसमोर येऊन उभे राहिले. एकाच भट्टीवर वाढलेली दोन म्हातारी माणसं.

“पेटंट तर गेलं, एनॉक,” ते म्हणाले. “भुकटी कशाची ते जगाला कळलं. तुझं नाव घालायला कागदच उरला नाही. आणि मी तुझी भांडी रस्त्यावर काढली.”

“दगड कळला, मालक,” एनॉक म्हणाला. “दगड कुणीही भाजेल. औषध अजून माझ्याकडेच आहे.” त्याने टोपी डोक्यावर ठेवली. “सोमवारी भट्टी पेटवायची का नाही?”

“पेटव,” स्टोर्थ म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “पेटव, बाबा.”

७

सोमवारी सकाळी परतीची गाडी पकडण्याआधी हेस्टर डंगवर्थकडे निरोप घ्यायला गेली. नुकतं उजाडलं होतं. खाटा आपापल्या जागी होत्या, तवा चुलीवर होता. टेबलावर कागदाचे चौकोनी तुकडे, दोऱ्याची तीन रिळं आणि कापडाने झाकलेला एक जुना लाकडी काटा होता.

शनिवारी दुपारपासून बाप-लेक एकमेकांशी फार गोड बोलत होते, आणि मुद्द्याचं काहीच बोलत नव्हते.

“बाई, आता नवा लेख लिहिणार म्हणे?” एनॉकने विचारलं.

“तोच लेख, दुरुस्त करून. मुशींचा परिच्छेद घालून. पिमना सांगितलंय, यावेळी जागा करा, नाहीतर चित्र कापा.”

“तो लाइल रडेल.”

“रडू दे. मात्र औषधाबद्दल एक अक्षर नसेल.”

एनॉकने मान डोलावली. मग टेबलापाशी गेला, काट्यावरचं कापड काढलं आणि रोजच्या सवयीने पाठ करून उभा राहिला. केझाया नेहमीसारखी भिंतीकडे सरकली. वजनांच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आणि लगेच ते पुन्हा मिटल्याचा.

“केझ.”

“काय, बाबा?”

“त्या बुधवारी बाराच होत्या.”

“हो. दोनदा मोजल्या होत्या.”

“हं.” त्याने खुर्ची मागे ओढली आणि बाजूला झाला. काटा आता तिच्यासमोर होता. “मग बस इथे. माझी बोटं जाड झालीत. आजपासून तू तोलायचं. आधी पांढरी. सांगतो किती.”

केझाया खुर्चीवर बसली. तिने पांढऱ्या दोऱ्याचं रीळ जवळ ओढलं.

हेस्टर काट्यापासून दोन हातांवर उभी होती. जगातली प्रत्येक गोष्ट कशी होते, हे बघितल्याशिवाय जिला चैन पडत नसे, अकरा कारखान्यांत जिने प्रत्येक झाकणाखाली डोकावून पाहिलं होतं, ती बाई खिडकीकडे वळली. काचेतसुद्धा काही दिसू नये म्हणून तिने डोळे मिटून घेतले. मागे पारड्यात एकेक वजन पडू लागलं, तेव्हा ती मोठ्याने ओटच्या भाकरीची कृती विचारू लागली.